लीला राव : एका विसरलेल्या विजयाची गोष्ट

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे एखाद्या तीर्थयात्रेचे वर्णन लिहून द्यावे असे मनाशी ठरवले होते. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे एक प्रसंग घडला आणि माझा विषय बदलला. तो प्रसंग पुष्कळ भगिनींच्या स्मरणात असेल.

त्या दिवशी वाण लुटून झाल्यावर आपण एक लहानशी प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न माझ्या नातीने काढले होते. ती यंदा आठवीत आहे आणि आमच्या सेक्टरजवळच्या कोर्टावर टेनिस शिकते. तिचा एक प्रश्न असा होता : "विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोण?" साऱ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "सानिया मिर्झा!" त्यांत माझाही आवाज होता. नातीने मान हलवली. "नाही. लीला राव. साल १९३४." क्षणभर सभागृहात शांतता पसरली. मग कोणी म्हणाले, "राव म्हणजे दक्षिणेकडची असेल." एवढ्यावर तो विषय संपला आणि तिळगुळाचे डबे फिरू लागले.

मला मात्र रात्री झोप येईना. सत्तरी ओलांडलेली मी बाई, आयुष्यभर वाचनालयातून पुस्तके आणून वाचत आले. झाशीच्या राणीपासून आनंदीबाई जोशींपर्यंत आपल्या स्त्रियांचा अभिमान बाळगत आले. आणि आपल्या मुंबईतील एका मुलीने एवढा पराक्रम केला त्याचा मला पत्ताही असू नये! मग मी शोध घेऊ लागले. जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवते. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

लीलाबाईंचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत झाला. वडील डॉक्टर राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित वैद्य. परंतु लीलाबाईंची खरी ओळख करून घ्यायची तर आधी त्यांच्या आजोळी गेले पाहिजे. त्यांचे मातुल आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. मूळचे सावंतवाडीकडचे हे थोर संस्कृत पंडित. सायणभाष्यासह अथर्ववेदाची आवृत्ती त्यांनी सिद्ध केली, कालिदासाची नाटके संपादिली, आणि १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची जी प्रसिद्ध गाथा निघाली तिच्या संपादनातही त्यांचा हात होता. पुढे ते पोरबंदर संस्थानाचे कारभारी झाले. स्वामी विवेकानंद परिव्राजक म्हणून हिंडत असताना पोरबंदरला त्यांच्याच घरी राहिले होते आणि पंडितांनी त्यांना पाश्चात्त्य देशांत जाण्याचा सल्ला दिला, ही कथा स्वामीजींच्या चरित्रांत वाचावयास मिळते.

या पंडितांची कन्या म्हणजे क्षमाबाई. जन्म १८९० साली पुण्याचा. वडील १८९४ साली वारले, तेव्हा ही मुलगी चार वर्षांचीही पुरती नव्हती. ज्या वडिलांच्या मांडीवर बसून संस्कृत शिकावयाचे, ते असे लवकर गेले. परंतु वारसा रक्तातून येतो त्याहून अधिक तो कष्टाने मिळवावा लागतो, याचे क्षमाबाई हे उत्तम उदाहरण होय. विवाहानंतर, संसार सांभाळून, त्यांनी संस्कृतावर असे प्रभुत्व मिळवले की विसाव्या शतकातील संस्कृत कवींमध्ये 'पंडिता क्षमा राव' हे नाव आज आदराने घेतले जाते. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी भगवद्गीतेच्या धर्तीवर अठरा अध्यायांचे 'सत्याग्रहगीता' हे काव्य रचले. इंग्रजी अमलात ते इकडे छापणे अवघड, म्हणून १९३२ साली ते पॅरिसला छापले गेले. वडिलांचे चरित्रही त्यांनी १९३९ साली संस्कृत श्लोकांत प्रसिद्ध केले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर या आपल्या संतांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात लिहिली.

भगिनींनो, आता जे सांगणार आहे ते वाचून तुम्हांलाही माझ्याप्रमाणेच आश्चर्य वाटेल. या पंडिता क्षमाबाई टेनिसही खेळत. आणि सहज गंमत म्हणून नव्हे, तर देशातील अग्रेसर स्त्री खेळाडूंमध्ये त्यांची गणना होत असे! एका हातात रॅकेट आणि दुसऱ्या हातात अमरकोश, अशी ही माता. आपल्याकडे अभ्यास आणि खेळ यांचे हाडवैर मानण्याची रीत आहे. "खेळतेस काय, पुस्तक घे," हे वाक्य आपण प्रत्येकीने ऐकले आणि पुढे आपल्या मुलींना ऐकवले. राव यांच्या घरी हे वैर नव्हते. आईच कोर्टावर उतरत असल्यामुळे लेकीला कोर्टाचा उंबरठा ओलांडताना कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

त्या काळचे टेनिस कसे होते हेही थोडे सांगितले पाहिजे. हा खेळ इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. तो जिमखान्यांवर आणि साहेबांच्या बंगल्यांच्या आवारांत खेळला जाई. मुंबईचा मोठा गोरा जिमखाना भारतीयांना सभासद करून घेत नसे. म्हणून हिंदू, पारशी आणि मुसलमान मंडळींनी मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर आपापले जिमखाने काढले. अशा दिवसांत एखाद्या भारतीय मुलीने उघड्या मैदानात, पुरुषांच्या देखत, धावून खेळावे ही साधी गोष्ट नव्हती. राष्ट्रीय स्पर्धांत त्या वेळी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचा वरचष्मा असे. जेनी सँडिसन नावाची बंगालमधील अँग्लो-इंडियन खेळाडू आपल्याकडील स्पर्धा गाजवून विंबल्डनला खेळूनही आली होती.

अशा वेळी १९३१ साली, वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, लीलाबाईंनी अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले. आपण हिशेब करून पाहू. १९३१ साली मुलगी देशाची अजिंक्य खेळाडू. १९३२ साली आईचे 'सत्याग्रहगीता' छापून तयार. एकाच घरातून, एकाच वेळी, दोन पिढ्यांतील दोन स्त्रिया आपापल्या क्षेत्रात शिखराकडे निघालेल्या. असे घर डोळ्यांसमोर आणले की मला तरी हेवा वाटतो.

आता १९३४ सालाकडे वळू. विंबल्डन हे लंडनचे एक उपनगर. तेथील क्लबने १८७७ साली ही स्पर्धा सुरू केली, आणि स्त्रियांना तीत प्रवेश मिळाला तो १८८४ साली. हिरवळीवर, पांढऱ्या पोशाखात खेळली जाणारी ही स्पर्धा टेनिस खेळणाऱ्यांची पंढरी मानली जाते. त्या काळी मुंबईहून विलायतेला जावयाचे म्हणजे बोटीचा प्रवास. बॅलार्ड पियरवरून निघालेली बोट एडन करीत, सुएझचा कालवा ओलांडीत युरोपला पोचावयास दोन-तीन आठवडे लागत. आजच्यासारखे रात्री विमानात बसून सकाळी लंडनला उतरणे नव्हते.

त्या वर्षी पहिल्याच फेरीत लीलाबाईंची गाठ ग्लॅडिस साउथवेल या ब्रिटिश खेळाडूशी पडली. सामन्याची गुणसंख्या अशी : ४-६, १०-८, ६-२. हे आकडे वाचून आपल्यापैकी ज्यांना टेनिस कळत नाही त्या पान उलटतील, म्हणून मी ते सोडवून सांगते. मलाही नातीनेच सोडवून दाखवले. स्त्रियांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात. सहा गेम आधी मिळवणारीचा सेट, परंतु प्रतिस्पर्धी खेळाडूपेक्षा किमान दोन गेम अधिक हवेत. हल्ली सहा-सहा अशी बरोबरी झाली की टायब्रेक नावाची निर्णायक फेरी होते. तो नियम विंबल्डनला आला १९७१ साली. त्यापूर्वी बरोबरी झाली की दोन गेमचे अंतर पडेपर्यंत खेळत राहावयाचे, मग कितीही वेळ लागो.

लीलाबाईंनी पहिला सेट ४-६ असा गमावला. म्हणजे दुसरा सेट गेला असता तर सामनाच संपला असता आणि लीलाबाई परतीच्या वाटेला लागल्या असत्या. तो दुसरा सेट काही केल्या संपेना. एकीने पुढे जावे, दुसरीने गाठावे. सात-सात झाले, आठ-आठ झाले. आठ-आठ झाले होते हे मी अंदाजाने म्हणत नाही. १०-८ या आकड्यातच ते लपलेले आहे. कारण ९-७ झाले असते तर सेट तेथेच संपला असता. तेव्हा आठ-आठ अशा बरोबरीवरून लीलाबाईंनी लागोपाठ दोन गेम जिंकले. सामना हातातून जाण्याच्या बेतात असताना, परक्या देशात, परक्या हिरवळीवर, सगळा धीर एकवटून घेतलेले ते दोन गेम. त्यानंतर तिसरा सेट ६-२. ज्या बाईने दोन सेटभर झुंज दिली ती तिसऱ्यात थकली आणि आपल्या लीलाबाई थकल्या नाहीत, असेच मला या आकड्यांवरून दिसते. एकूण छत्तीस गेमची ती लढत होती. वीस लीलाबाईंचे, सोळा साउथवेलबाईंचे. विंबल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून लीला राव यांचे नाव त्या दिवशी नोंदले गेले.

दुसऱ्या फेरीत त्या फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून हरल्या. त्या वर्षीचे अजिंक्यपद इंग्लंडच्या डोरोथी राउंडने मिळवले. पुढल्या वर्षी, १९३५ साली, लीलाबाई पुन्हा विंबल्डनला खेळल्या. तेथे इंग्लंडच्या एव्हलिन डिअरमनने त्यांना पहिल्याच फेरीत हरवले. म्हणजे विंबल्डनचा त्यांचा जमाखर्च मांडला तर जमेच्या बाजूस एकच सामना येतो. कोणी म्हणेल, एका सामन्याचे एवढे काय? परंतु पहिली पायरी चढणारीला पायऱ्यांची संख्या विचारू नये. आनंदीबाई जोशींनी किती रोगी बरे केले असे आपण विचारतो का?

आणखी एक विचार माझ्या मनात येतो. आई इंग्रजी राज्याविरुद्ध सत्याग्रहाची गीता लिहीत होती आणि मुलगी इंग्रजांच्या हिरवळीवर त्यांचाच खेळ खेळत होती. यात विसंगती आहे का? मला तरी नाही वाटत. संस्कृत ही आपली भाषा. तीत क्षमाबाईंनी आजचा विषय मांडला. टेनिस हा परक्यांचा खेळ. त्यात लीलाबाईंनी आपली योग्यता सिद्ध केली. दोघींनीही 'हे तुमचे काम नव्हे' असे सांगणाऱ्यांना हातातल्या कामानेच उत्तर दिले.

विंबल्डनहून आल्यावर लीलाबाई थंड बसल्या नाहीत. १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकले. पुन्हा १९४० व १९४१ साली जिंकले, आणि शेवटचे १९४३ साली. पहिले धरून एकूण सात वेळा! पहिल्या आणि शेवटच्या विजयात बारा वर्षांचे अंतर. बारा वर्षे म्हणजे एक तप. विशीत जिंकणे निराळे आणि तिशी ओलांडल्यावर, नव्या दमाच्या मुली समोर असताना जिंकणे निराळे. या काळात युरोपात महायुद्ध पेटले होते. १९४० ते १९४५ विंबल्डनची स्पर्धाच भरली नाही. १९४० साली तेथील मुख्य कोर्टावर बॉम्बही पडला. म्हणजे लीलाबाईंचा खेळ जेव्हा पुरता पिकला, तेव्हा जगाचे दरवाजे बंद होते. ही दैवाची गोष्ट. तिला इलाज नाही.

माझ्या नातीने मला विचारले, "आजी, त्यांना यात पैसे किती मिळाले?" प्रश्न आजकालच्या मुलांना शोभेसा आहे आणि त्याचे उत्तर देण्याजोगे आहे. काहीही मिळाले नाहीत. त्या काळी विंबल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. खेळून पैसे घेतले की तो खेळाडू धंदेवाईक ठरे आणि त्याला या स्पर्धा बंद होत. फ्रान्सची सुझान लेंग्लेन ही तर त्या काळची राणीच. ती १९२६ साली पैसे घेऊन खेळू लागली आणि विंबल्डनला मुकली. इंग्लंडच्या फ्रेड पेरीने १९३४ पासून लागोपाठ तीन वर्षे विंबल्डन जिंकले, पण तो धंदेवाईक होताच त्याच्याच देशाच्या टेनिसने त्याला दार लावले. हा भेद मोडला तो १९६८ साली. त्या वर्षी विंबल्डनच्या पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला दोन हजार पौंड मिळाले आणि स्त्रियांत जिंकलेल्या बिली जीन किंगला साडेसातशे! दोघांचा खेळ एकाच हिरवळीवर, पण बाईचा पौंड लहान. बिली जीन आणि तिच्या मैत्रिणींनी त्याविरुद्ध झगडा मांडला. तरीही विंबल्डनला स्त्री-पुरुषांना सारखे बक्षीस मिळू लागावयास २००७ साल उजाडावे लागले.

हौशी खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे हे लिहिणे केवळ आरती होईल. ज्या खेळात पैसे मिळत नाहीत तो खेळ ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच खेळता येतो. लीलाबाईंचे वडील मोठे डॉक्टर होते. घर सुशिक्षित होते, विलायतेचा प्रवास परवडणारा होता. त्याच वेळी गिरगावच्या चाळीत किंवा परळच्या गिरणगावात लीलाबाईंइतकीच चपळ एखादी मुलगी नसेलच असे कोण म्हणेल? तिच्या हाती रॅकेट आली नाही, म्हणून तिचे नाव कोठेही नाही. लीलाबाईंचा पराक्रम यामुळे कमी होत नाही, कारण घरात पैसा असून किती मुली मैदानात उतरल्या? परंतु मैदान आणि साधने सर्वांना मिळाली पाहिजेत हा धडा मात्र त्यातून घ्यावयाचा.

खेळ सुटल्यावर बहुतेक खेळाडू जुन्या चषकांकडे पाहत दिवस कंठतात. लीलाबाईंचे तसे झाले नाही, आणि मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांचा विवाह आय. सी. एस. मधील अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ हे स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्यात सिक्कीम येथे आणि इतरत्र मोठ्या पदांवर होते आणि पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गाव बदलणे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नशिबी आले आहे. लीलाबाई जेथे गेल्या तेथे काही ना काही शिकत राहिल्या. शास्त्रीय नृत्याचा त्यांनी अभ्यास केला, नृत्यातील हस्तमुद्रा आणि पदन्यास स्वतः चित्रे काढून नोंदवले. मणिपुरी नृत्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. ज्या पायांनी कोर्ट गाजवले त्याच पायांनी तालाचा अभ्यास केला, असे म्हणावयास हरकत नाही. हिमालयाचीही त्यांना ओढ होती. १९६४ साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या खुंबू भागात दयाळ यांचा अंत झाला.

आणि आईचा वारसा? तोही त्यांनी टाकला नाही. क्षमाबाई १९५४ साली वारल्या. लीलाबाईंनी संस्कृतात नाटके लिहिली. त्यांतील कितीतरी आईच्याच कथा-काव्यांवरून रचलेली आहेत. 'बालविधवा', 'गिरिजायाः प्रतिज्ञा', 'होलिकोत्सवः', 'मीराचरितम्', 'तुकारामचरितम्' ही त्यांतील काही नावे. तुकोबांची गाथा आजोबांनी संपादिली, तुकोबांचे चरित्र आईने श्लोकांत गायिले आणि नातीने ते रंगभूमीसाठी लिहिले. तीन पिढ्या एका धाग्यात ओवलेल्या! आपल्या वारकऱ्यांच्या घरी वीणा जशी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, तसाच हा प्रकार झाला. आणि त्या वीणेबरोबर त्या घरी एक रॅकेटही होती.

लीलाबाईंच्या मागून कोण आल्या, हे थोडक्यात सांगते. १९५२ साली रीटा दावर ही मुलगी विंबल्डनच्या मुलींच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचली. मग आपल्या मुंबईच्या निरुपमा मंकड यांनी वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या आणि १९७१ साली आनंद अमृतराजबरोबर विंबल्डनची मिश्र दुहेरी खेळल्या. १९९८ साली कोइमतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकला. विंबल्डनप्रमाणेच जगातील चार मोठ्या स्पर्धांपैकी ही एक. लीलाबाईंचा सामना १९३४ चा आणि हा १९९८ चा. मध्ये चौसष्ट वर्षे. त्यानंतर सानिया मिर्झा आली. तिने २०१५ साली मार्टिना हिंगिसबरोबर विंबल्डनची दुहेरी जिंकली. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. तेव्हा लीलाबाईंची पायरी कोणी चढली नाही असे नाही. परंतु चढणाऱ्या मुलींना ती पायरी कोणी घडवली हे सांगणारे फार थोडे.

आता शेवटी थोडेसे आपल्याविषयी आणि माझ्याविषयी.

मी लहानपणी गावाकडे रिंग टेनिस खेळत असे. रबराची ती कडी जाळ्यावरून फेकावयाची आणि झेलावयाची. शाळेच्या संघात होते, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सामने जिंकून आले होते. अकरावीचे वर्ष आले आणि घरातून सांगण्यात आले, "आता पुरे." कोणी रागावले नाही, मारले नाही; फक्त 'आता पुरे' म्हणाले. मीही 'बरे' म्हटले. पुढे लग्न झाले, मुंबईला आले, खाडीपूल ओलांडून सिडकोच्या या नव्या शहरात राहावयास आले. त्या वेळी इकडे रेल्वेही नव्हती. ती वाशीला आली १९९२ साली. संसार चांगला झाला, कसलीही तक्रार नाही. परंतु ती रबराची कडी माझ्या हातातून कोणी काढून घेतली याचा विचार मी गेल्या संक्रांतीपर्यंत केलाच नव्हता.

यंदा आमच्या घरी पुन्हा तोच प्रश्न निघाला आहे. नात जूनपासून नववीत जाईल. शिकवणीचे वर्ग संध्याकाळचे, टेनिसही संध्याकाळचे. माझा मुलगा आणि सूनबाई दोघेही समंजस आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच की दहावी होईपर्यंत खेळ बाजूला ठेवावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मला जे सांगितले गेले तेच वाक्य, फक्त शब्द अधिक गोड. या वेळी मी गप्प बसले नाही. मी त्यांना क्षमाबाईंची आणि लीलाबाईंची ही सारी हकिकत सांगितली. सूनबाई म्हणाल्या, "आई, त्यांच्या घरी नोकरचाकर असतील. आमची लोकल चुकली तर रात्रीचे आठ वाजतात. हिला कोर्टावर नेणार कोण आणि आणणार कोण?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हटले, "मी नेईन." सध्या आठवड्यातून तीन दिवस मी तिला नेते आणि कठड्यावर बसून राहते. पुढे काय ठरेल ते ठरो. निदान 'बरे' म्हणून विषय संपला नाही, एवढे समाधान आहे.

कठड्यावर बसल्या बसल्या मी मुली मोजते. लहान वयाच्या मुली पुष्कळ येतात. बारा-तेरा वर्षांनंतर त्या एकेक करून दिसेनाशा होतात, मुलगे राहतात. मुलींना खेळ आवडेनासा होतो म्हणून नव्हे. कोणाचा वर्ग आड येतो, कोणाच्या घरी नेणारे माणूस नसते, कोणाच्या आईला अंधाराची भीती वाटते. यांतील निम्म्या अडचणी आपल्यासारख्या घरी असलेल्या बायकांना सोडवता येण्याजोग्या आहेत. म्हणून आपल्या कार्यकारिणीपुढे मी एक विनंती ठेवत आहे. मंडळातील ज्या भगिनींना संध्याकाळी सवड असते, त्यांनी आळीपाळीने शेजारच्या मुलींना मैदानावर नेण्या-आणण्याचे काम पत्करावे. यास वर्गणी लागत नाही, सभागृह लागत नाही. हरिपाठ जेथे बसून म्हणतो तो मैदानाच्या कठड्यावर बसूनही म्हणता येतो.

आपल्या मुलींपैकी प्रत्येकजण विंबल्डनला जाणार नाही, आणि जावे असा माझा आग्रहही नाही. पण ८-८ अशी बरोबरी झाली असता हातपाय न गाळता आणखी दोन गेम खेळावयाचे असतात, हे शिकलेली मुलगी पुढे परीक्षेत, संसारात, आजारपणात कोठेही कमी पडणार नाही. ते शिक्षण पुस्तकात मिळत नाही, मैदानावर मिळते. आणि मैदानावर जाणाऱ्या मुलीने पुस्तकही सोडू नये, हे लीलाबाईंनी स्वतःच्या आयुष्याने दाखवून दिलेच आहे.

पुढल्या संक्रांतीला हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर आपल्या सभागृहातून एका सुरात उत्तर यावे, "लीला राव, १९३४!" एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि आपल्या लेकी-नाती आपल्याहून चार पावले अधिक धावोत, ही वर्धापनदिनी प्रार्थना.